अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे बोलणे: कुठे थांबावे, कुठे थांबू नये

कोकणात एखादे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले की घरातले लोक "सातव्यात झाला", "पेटीत ठेवलाय" एवढेच सांगतात, आणि ऐकणाराही पुढे फारसे विचारत नाही. त्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष बाळाच्या श्वासावर आणि वजनावर असते, आणि ते स्वाभाविकही आहे. बोलण्याचा प्रश्न वर्ष-दीड वर्षाने उभा राहतो. त्याच महिन्यात जन्मलेले चुलत भावंड "दूध दे" म्हणू लागलेले असते आणि आपले मूल अजून "बाबा"वरच थांबलेले असते. मग घरात दोन तट पडतात. आई रात्र रात्र झोपत नाही, आणि वडीलधारी माणसे म्हणतात, "त्याचा बापूस पण तीन वर्षांनी बोलला, बोलेल हळूहळू." वाचा-उपचाराच्या कामात हे दोन्ही सूर मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. आईची भीती बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त असते आणि वडीलधाऱ्यांचा धीर काही वेळा महागात पडतो. नेमके कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, हे समजण्यासाठी आधी थोडा हिशेब आणि मग मेंदूची थोडी माहिती लागते.

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले, म्हणजेच अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २८ आठवड्यांच्या आतले बाळ अतिशय नाजूक असते, २८ ते ३२ आठवड्यांचे त्याहून थोडे सावरलेले, आणि ३२ ते ३७ आठवड्यांच्या गटात अशा बाळांपैकी बहुतेक मोडतात. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, म्हणजे साधारण दहा बाळांमागे एक, आणि त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे ३० लाख, भारतात. म्हणून प्रत्येक वाडीत असे एखादे तरी मूल असते, मग घरच्यांनी ते कधी बोलून दाखवलेले असो वा नसो.

आता हिशेब. समजा, एखादे बाळ ३० आठवड्यांचे असताना जन्मले. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरतात, म्हणजे ते दहा आठवडे आधी आले. त्याचा पहिला वाढदिवस साजरा होतो तेव्हा पंचांगाने ते बारा महिन्यांचे असले, तरी विकासाच्या दृष्टीने ते साडेनऊ-पावणेदहा महिन्यांचेच असते. याला दुरुस्त वय म्हणतात. रांगणे, बसणे, बडबडणे, पहिला शब्द या सगळ्याची तुलना साधारण दोन वर्षांपर्यंत या दुरुस्त वयाशीच करायची असते. ज्या आईने बारा महिन्यांच्या यादीशी आपले बाळ ताडून पाहिले आणि ते मागे पडल्याचे ठरवून टाकले, तिचे बाळ कदाचित आपल्या वेळेवरच चालले असेल. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची असते, तिथे ही वजाबाकी करायची नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे अजून बोलली जाते, की सातव्या महिन्यातले मूल जगते पण आठव्यातले जगत नाही. हे खरे नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या हिताचाच असतो, त्यामुळे आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सहसा जास्त तयार असते.

या आठवड्यांना एवढे महत्त्व का, हे मेंदूकडे पाहिले की कळते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. आपण चित्रात पाहतो त्या अक्रोडासारख्या वळ्या शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने पडतात. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असते, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत व्हायची असते. याच काळात मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात संदेश नेणारे तंतू आपापली जागा धरत असतात आणि त्यांच्यावर चरबीचे आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होत असतात. या पेशी कोवळ्या असताना, साधारण २३ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान, प्राणवायूची कमतरता आणि जंतुसंसर्ग यांना फार लवकर बळी पडतात. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूतल्या पोकळ्यांत रक्तस्रावही होतो. डोक्याची सोनोग्राफी करतात ती त्यासाठीच. भाषा काही मेंदूच्या एका कोपऱ्यात राहत नाही. ऐकणे, लक्ष देणे, आठवणे आणि उच्चारणे या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा लागतात. वाटा अरुंद राहिल्या तर प्रत्येक केंद्र शाबूत असूनही काम संथ होते. अपुऱ्या दिवसांच्या अनेक मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

ऐकण्याची सुरुवातही पोटातच होते. साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून बाळाचे कान काम करू लागतात आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत ते आवाजाला बऱ्यापैकी नियमितपणे प्रतिसाद देते. पोटात बाहेरचे तीव्र, उंच स्वर गाळले जातात आणि खालच्या पट्टीतला नाद आत पोहोचतो. आईचा आवाज तर तिच्या हाडांमधून आणि शरीरातून थेट पोहोचतो. शब्द कळत नाहीत, पण बोलण्याची लय, चढउतार आणि विराम बाळाच्या कानात मुरतात. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी दाखवून दिले की नवजात बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ओळखून तोच पसंत करते. दहा आठवडे आधी आलेल्या बाळाची ही शिकवणी मध्येच तुटते. त्याच्या वाट्याला येतो तो पेटीचा घरघराट, यंत्रांचे भोंगे, झाकण आपटल्याचा दणका. अशा अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, पण प्रत्यक्षात तो अनेकदा त्याहून वर जातो.

मग कक्ष अगदी शांत ठेवला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झालेल्या एका अभ्यासात, २०१४ साली, उलटेच दिसले: एकेकट्या शांत खोल्यांत ठेवलेल्या बाळांची दोन वर्षांच्या वयातली भाषा मोठ्या सामाईक कक्षातल्या बाळांपेक्षा कमी भरली. त्या खोल्यांत आईवडील पुरेसा वेळ नसतील तर बाळाला गोंगाटही नाही आणि माणसाचा आवाजही नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स येथील संशोधक बेट्टी व्होर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या अंगावर छोटे ध्वनिमुद्रण यंत्र लावून त्याच्याभोवती किती बोलले जाते ते मोजले. ३२ आठवड्यांच्या बाळांनीही आवाज काढून उत्तर दिल्याचे त्यात आढळले, आणि आईवडील जवळ असताना ही देवाणघेवाण वाढत होती. ज्या बाळांच्या कानावर अधिक बोलणे पडले, त्यांचे पुढे दुरुस्त सात व अठरा महिन्यांच्या वयातले भाषेचे गुण जास्त होते. यावरून केवळ बोलण्यामुळेच गुण वाढले, असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण जे आईवडील जास्त वेळ थांबू शकतात त्यांच्या घरची बाकी परिस्थितीही बरी असू शकते. तरीही मला वाटते, ज्या उपायाला खर्च नाही आणि ज्यात अपाय नाही, तो करण्यासाठी याहून भक्कम पुराव्याची वाट पाहू नये.

कोकणात मात्र इथेच मोठी अडचण येते. लहान गावात प्रसूती झालेल्या नाजूक बाळाला घाट चढून कोल्हापूरला किंवा सीमा ओलांडून गोव्याला न्यावे लागते. सिझेरियन झालेली आई मागे राहते, बाप रुग्णवाहिकेत बसतो, आणि पहिले आठ-दहा दिवस बाळाच्या कानावर आईचा शब्दही पडत नाही. शक्य असेल तिथे आईलाही बरोबरच हलवावे, असा आग्रह नातेवाइकांनी धरला पाहिजे. याच्या पाठीशी शास्त्र आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तिला आता कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच अशी छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास ही पद्धत वापरण्याची शिफारस करते. आई नसेल तर बाप, आजी, मावशी कोणीही बाळाला धरू शकते. छातीशी असलेल्या बाळाशी हलक्या आवाजात बोलावे, ओवी म्हणावी, आज गावात कोण आले ते सांगावे, आणि त्याने मान फिरवली, बोटे फाकवली किंवा उचकी लागली तर थोडा वेळ गप्प राहावे. त्याला विसावा हवा आहे, हे सांगण्याची त्याची ती भाषा असते.

घरी सोडण्याआधी आणि सोडल्यावर काही तपासण्या चुकवता येत नाहीत. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांमध्ये ऐकू कमी येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामागे काही प्रतिजैविके, वाढलेली कावीळ आणि कृत्रिम श्वास अशी कारणे असतात. अशा बाळांची फक्त कानात बारीक नळी घालून होणारी तपासणी पुरत नाही. डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का हे पाहणारी 'बेरा' तपासणी करून घ्यावी. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळ्याचे पडदे जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासायचे असतात, आणि फारच नाजूक बाळांचे त्याहूनही आधी. लोहाचा साठा बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळतो. तो या बाळांना मिळालेला नसतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब "पोट बिघडते" म्हणून परस्पर बंद करू नयेत. वाढत्या मेंदूला लोह लागते.

आता बोलण्याकडे येऊ. पहिला शब्द ही भाषेची सुरुवात नसते. त्याआधी बाळ डोळ्यांत पाहते, आपली पाळी आली की आवाज काढते, आपण पाहतो तिकडे पाहते आणि मग बोट दाखवते. देवगडजवळच्या एका वाडीत पाहिलेला प्रसंग सांगते. नातू पंचांगाने चौदा महिन्यांचा, दुरुस्त वयाने पावणेबारा महिन्यांचा. पडवीत आजीने त्याच्यासमोर एक चमचा जमिनीवर ठेवला आणि त्यावर करवंटी उपडी घातली. "चमचो खंय गेलो?" असे विचारून ती थांबली. मुलाने करवंटीकडे पाहिले, आजीच्या तोंडाकडे पाहिले, आणि तो तसाच बसून राहिला. आईचा हात करवंटी उचलायला पुढे झाला तसा आजीने तो अलगद धरून ठेवला. मी मनातल्या मनात सहापर्यंत मोजले. मग त्याने करवंटीची कड उचलली, आत पाहिले, "आ!" केले आणि बोट दाखवून आजीकडे वळला. "गावलो रे, गावलो!" आजी म्हणाली आणि तिने करवंटी पुन्हा उपडी घातली.

त्या अर्ध्या मिनिटात बरेच काही घडले होते. दिसेनाशी झालेली वस्तू असतेच, हे कळणे ही विचारशक्तीची मोठी पायरी आहे. वस्तूकडून माणसाकडे आणि पुन्हा वस्तूकडे नजर नेणे ही भाषेची पायाभरणी आहे. पण सर्वांत मोलाचे होते ते आजीचे थांबणे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ऐकलेले समजून घेऊन उत्तर तयार करायला अनेकदा जास्त वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न विचारला की त्याचे पहिले उत्तर तयार होता होताच वाया जाते. असे वारंवार झाले की मूल प्रयत्न करणेच सोडते, आणि मग घरात "हा काही बोलतच नाही" असे ठरते. मी पालकांना जे काही सांगते, त्यात विचारून झाल्यावर मनात पाच-सहा आकडे मोजा, हे एकच पाळले तरी महिन्याभरात फरक दिसलेली घरे मी पाहिली आहेत.

घरात मालवणी बोलावी की पुस्तकी मराठी, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जी भाषा मोठ्यांच्या तोंडी सहज येते, जिच्यात त्यांना लाड करता येतात आणि रागावताही येते, तीच बोलावी. घरात मालवणी आणि अंगणवाडीत मराठी, किंवा कोळीवाड्यातली बोली आणि शाळेची भाषा, अशा दोन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही. तोडक्यामोडक्या पुस्तकी भाषेत मोजून चार वाक्ये बोलणाऱ्या घरापेक्षा दिवसभर मालवणीत गजाली करणारे घर मुलाला कितीतरी जास्त देते. मोबाइलचे मात्र वेगळे आहे. त्यावरची गाणी मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाहीत, आणि दोन वर्षांच्या आत ती टाळावीत असाच सल्ला दिला जातो. मुंबईत नोकरीला असलेल्या बापाशी होणारा व्हिडिओ कॉल याला अपवाद आहे, कारण पलीकडे खरा माणूस असतो, तो मुलाचा आवाज ऐकतो आणि उत्तर देतो.

थांबू नये अशा जागा आता सांगते, आणि त्या दुरुस्त वयानेच मोजायच्या आहेत. नऊ-दहा महिन्यांत "बाबाबा", "दादादा" अशी बडबड नसणे, बारा महिन्यांत बोट दाखवणे किंवा टाटा करणे नसणे, सोळा महिन्यांत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांत "पाणी दे"सारखी दोन शब्दांची जोडी नसणे, आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे किंवा हावभाव नाहीसे होणे. यांपैकी काही दिसले तर "बापूस पण उशिराच बोलला" हे उत्तर पुरेसे नाही. तपासणी करून काही निघाले नाही तर त्यात नुकसान नाही, पण निघाले तर पहिल्या दोन-तीन वर्षांतले महिने फार किमती असतात. यासाठी मुंबई गाठावीच लागते असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या उत्तर कोकणातल्या पालघरहून झाली, आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे विकासात मागे पडलेल्या मुलांना तपासून लवकर उपचार देणारी केंद्रे, चालवली जातात. आशाताई घरी येतात तेव्हा माता-बाल संरक्षण कार्डावरचे विकासाचे टप्पे त्यांच्यासोबत ताडून पाहावेत, आणि बाळ किती आठवड्यांचे असताना जन्मले ते न विसरता सांगावे, कारण कार्डावरचे वय पंचांगाचे असते.

पुढच्या वर्षांविषयी लिहिताना हात जपून चालवावा लागतो. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचे बुद्ध्यंक पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीने दहा ते तेरा गुणांनी कमी भरतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले निष्कर्ष सांगतात. पण सरासरी म्हणजे तुमचे मूल नव्हे. दोन्ही गटांतली बरीच मुले एकाच पट्ट्यात येतात, आणि ३४-३५ आठवड्यांच्या मुलांमध्ये हा फरक बराच कमी असतो. भाषेच्या बाबतीत चित्र दुहेरी आहे. अमेरिकेतल्या संशोधक लॉरा मेंट यांच्या गटाने ६०० ते १,२५० ग्रॅम वजनाने जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शब्द ओळखण्याच्या चाचणीतला मधला गुण तिसऱ्या वर्षी ८८ होता, तो आठव्या वर्षी ९९ झाला, म्हणजे जवळपास सर्वसाधारण मुलांच्या शंभर या सरासरीइतका. ज्यांच्या मेंदूला रक्तस्रावानंतर इजा झाली होती, त्या मुलांना हा लाभ मिळाला नाही. दुसरीकडे २०१२ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात असे दिसले की लांब वाक्ये समजणे, गोष्टीचा क्रम लावणे, कारण सांगणे अशा गुंतागुंतीच्या भाषेतली तफावत तीन ते बारा वर्षांच्या दरम्यान वाढत जाते. या दोन निष्कर्षांत मला विरोध वाटत नाही. शब्दांचा साठा भरून येतो, पण ते शब्द मनात धरून ठेवून एकमेकांत ओवणे लक्षावर आणि क्षणिक स्मृतीवर अवलंबून असते, आणि या मुलांची तीच बाजू कमकुवत राहू शकते. म्हणूनच चौथ्या वर्षी घडाघडा बोलणारे मूल "आता बरे झाले" म्हणून पाठपुराव्यातून वगळले जाते आणि तिसरीत शाब्दिक गणितापाशी अडते. तेव्हा शिक्षक त्याला आळशी म्हणतात, कारण पेटीतले ते दोन महिने तोवर कोणाच्याच लक्षात नसतात.

शाळाप्रवेशाच्या वेळीही जन्माची ही गोष्ट सांगायला हवी. फेब्रुवारीत व्हायचे मूल नोव्हेंबरात जन्मले, तर केवळ त्या तीन महिन्यांमुळे प्रवेशाच्या तारखेच्या अलीकडे येऊन ते एक वर्ष आधी पहिलीत बसू शकते आणि वर्गातले सर्वांत लहान ठरते. अशा मुलाला आणखी एक वर्ष बालवाडीत ठेवले तर काही बिघडत नाही, आणि बहुतेक वेळा मी पालकांना तेच सुचवते. त्या वर्षात त्याच्याकडून रोज एक घडलेली गोष्ट सांगून घ्यावी: जत्रेला कसे गेलो, रापण ओढताना काय काय आले, ताईची चप्पल कशी वाहून गेली. गोष्ट मध्येच तुटली तर पुढचे वाक्य आपण पुरवू नये. "मगे काय झाला?" एवढेच विचारावे, आणि पुन्हा मनात सहापर्यंत मोजावे.